क्वालिटी साहेबांचा फुटका बोर्ड

साजगावला फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवणारा एक कारखाना आहे. तिथं साईनाथ गेली बावीस वर्षं माल तपासायच्या कामावर होता. तयार टाकी समोर आली की तो तिच्यावर बोटांनी टकटक करायचा, कान लावायचा, डोळे बारीक करायचा आणि मग खडूनं मोठी फुली मारून म्हणायचा, "थरांत हवा राहिलीय. परत करा." कामगार त्याला तोंडावर साहेब म्हणायचे. पाठीमागं काय म्हणायचे ते त्यानं कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकायची हौसही नव्हती. एकही टाकी त्यानं स्वतःच्या हातानं बनवलेली नव्हती, पण बावीस वर्षांत ही गोष्ट कुणी विचारली नाही, तेव्हा ती सांगायची वेळही आली नाही.

नवरात्र संपल्यावर एका शनिवारी त्याला लोधिवलीजवळच्या एका फार्महाऊसवर टाकी गळतेय म्हणून बघायला पाठवलं. टाकी गळत नव्हती, नळच सैल होता. मालक फार्महाऊस रिकामं करून कायमचा बंगळूरला निघाला होता, म्हणून सामान सगळं व्हरांड्यात काढलेलं. त्यात भिंतीला टेकवलेली एक लांबलचक पांढरी फळी होती, दहा फुटांच्या वर, पुढून थोडी वर वळलेली.

"हे काय?" साईनाथनं विचारलं.

"पॅडल बोर्ड. पाण्यावर टाकायचा, वर उभं राहायचं आणि वल्हं मारत फिरायचं. तुम्हाला हवा का? वल्हं घ्या, लाइफ जॅकेटं पण घ्या. माझी जागा अडलीय."

साईनाथच्या डोळ्यांपुढं लगेच चित्र उभं राहिलं. गावातला तलाव, सकाळचं ऊन, आणि तलावाच्या मधोमध हातात वल्हं घेऊन ताठ उभा असलेला तो स्वतः. त्याला पोहता येत नव्हतं. लहानपणी कान फुटायचा म्हणून आईनं पाण्यापासून लांब ठेवला, आणि पुढं मोठ्या वयात लाज आडवी आली. ज्या घरातली म्हातारी म्हशीची शेपटी धरून तलाव पार करायची, त्या घरातला हा एकुलता एक कोरडा माणूस. त्यात त्यानं मुलीला, ऋतिकाला, ती लहान असताना सांगून ठेवलं होतं की तुझा बाप कॉलेजात असताना हा तलाव दोनदा पोहून पार करायचा. एकदाच म्हटलं असतं तरी चाललं असतं, पण त्यानं दोनदा म्हटलं होतं. आता पाण्यावर जायचं आणि तेही अंग न भिजवता, असली सोय त्याच्यासमोर भिंतीला टेकून उभी होती.

त्यानं गावातल्या पोपटला फोन लावला. पोपट त्याचा शाळेपासूनचा मित्र आणि टेंपोवाला. टेंपो आला. बोर्ड हौद्यात मावेना, म्हणून पुढचं टोक केबिनच्या वर काढून तिरका उभा बांधला.

"आडवा घेऊ या का रं?" पोपटनं विचारलं. "मागून थोडा बाहेर येल, लाल फडकं बांधू."

"मागून कुणी ठोकला म्हणजे? तू चल. मी मागं बसतो, लक्ष ठेवतो."

रस्त्यात रेल्वेच्या पुलाखालून जावं लागतं. उंच गाड्या आत शिरू नयेत म्हणून पुलाच्या अलीकडं लोखंडाची आडवी कमान उभी केलेली आहे. पोपटनं कमानीपाशी टेंपो थांबवला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं, "जातं का?"

साईनाथ हौद्यात उभा राहिला. एक डोळा मिटला. कारखान्यात टाकीची गोलाई बघताना मिटतो तसाच. "जातं. बिनधास्त ये. ये... ये... अजून ये..."

पोपट आला. कमानीनं बोर्डाच्या नाकाच्या हातभर खाली असा दणका दिला की बाजूच्या तारेवरचे बगळे उडाले. फायबर फुटून आतला पांढरा थर्माकोल दिसायला लागला.

"तूच म्हटलास ये," पोपट म्हणाला.

साईनाथनं मागं वळून कमानीकडं असं बघितलं, जशी काही तीच दोन इंच खाली आली होती.

घरी आल्यावर अंगणात सगळे जमले. सगळे म्हणजे बायको सुप्रिया, मुलगी ऋतिका आणि आई जनी. सुप्रिया जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, त्यामुळं घरातही तिचे प्रश्न एकामागून एक यायचे.

"हे काय आहे? कुठून आणलंत? आणि आणलंत तर फुटकं का आणलंत?"

"फुटकं नव्हतं. वाटेत लागलं."

"कशाला लागलं?"

"कमानीला."

"कमान दिसली नाही?"

"दिसली ना!" साईनाथ म्हणाला, आणि या उत्तरानं आपली बाजू आणखी पडली हे त्याला बोलून झाल्यावर कळलं. मग तो छाती काढून म्हणाला, "आणि लागलं तर लागलं. फायबर म्हणजे माझ्या हातचा मळ. पुढच्या रविवारी तलावात टाकतो."

आईनं बोर्डाभोवती एक फेरी मारली. "दार हाय का रं ह्ये?"

"नाही गं आये. पाण्यावर उभं राहायचं ह्याच्यावर."

"उभं कशाला? बसायला काय होतं?"

साईनाथनं बोर्डाला गुंडाळलेली दोरी सोडायला घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवार. साईनाथनं कारखान्यातून आदल्याच संध्याकाळी विचारून रेझिनचा, म्हणजे त्या चिकट रसाचा, एक डबा, तो घट्ट करणारा हार्डनर आणि फायबरच्या धाग्यांची चटई, म्हणजे मॅट, आणून ठेवली होती. गोठ्याच्या पडवीत दोन स्टुलांवर बोर्ड ठेवला. ऋतिका बारावीला होती. मोबाईल घेऊन व्हिडिओ काढायला उभी राहिली. साईनाथनं तिला समजावून सांगितलं की बघ, आधी जागा साफ करायची, मग रेझिनमध्ये हार्डनर घालायचा, मग मॅट ठेवायची आणि वरून रेझिन पाजायचं. सांगताना त्याचा आवाज कारखान्यात पाहुण्यांना फिरवतो तेव्हाचा झाला होता. मग त्यानं भोकात भरपूर रेझिन ओतलं. आत नीट मुरावं म्हणून आणखी ओतलं.

"पप्पा, ते खाली चाललंय."

"मुरतंय."

"नाही पप्पा, भोक मोठं होतंय."

साईनाथनं वाकून बघितलं. आतला थर्माकोल चुरचुर आवाज करत विरघळत होता, गरम चहात बिस्कीट विरावं तसा. त्यानं घाईघाईनं आणखी रेझिन ओतलं, का ते त्याला आजही सांगता येत नाही. चुरचुर वाढली. मुठीएवढं भोक बघता बघता टोपलीएवढं झालं, आणि वरचं फायबर नुसतं पापडासारखं अधांतरी उरलं. त्यानं बोटानं चाचपून बघितलं, तर बोट आत गेलं. मग हात गेला. मग कोपरापर्यंत गेला.

ऋतिकानं मोबाईल खाली केला. "डिलीट करू का?" तिनं हळूच विचारलं.

त्या दयेनं साईनाथ जास्त मेला.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तो मंगळीकडं गेला. मंगळी त्याच कारखान्यात मॅट आणि रेझिनचे थर द्यायच्या कामावर होती, चौदा वर्षं. साईनाथनं आजवर सगळ्यात जास्त फुल्या जिच्या टाक्यांवर मारल्या असतील ती हीच. डबा उघडून भाकरी खात बसली होती. साईनाथ थोडा वेळ इकडंतिकडं बोलला, मग म्हणाला, "आमचा एक मित्र आहे, कडावचा. त्याचा एक बोर्ड फुटला. आत थर्माकोल, वर फायबर. त्यानं आपलं टाकीचं रेझिन वापरलं..."

"थर्माकोलवर?" मंगळीचा घास हातातच राहिला. "अवो, आपलं रेझिन थर्माकोल खातं. वितळलं असंल सगळं."

"हो, थोडं... म्हणजे तो म्हणत होता."

"येडाच हाय तुमचा मित्र. ह्ये तर पोरासोरांना ठाव हाय. आपल्या स्टोरच्या दारावर कागद लावलाय ना, थर्माकोलवर ह्ये रेझिन वापरू नये म्हणून." ती बोलता बोलता थांबली. तिची नजर साईनाथच्या हातावर गेली. नखांत आणि मनगटाच्या केसांत रेझिन वाळून घट्ट बसलं होतं. कोपरापर्यंत. मंगळी हसली नाही. तिनं घास तोंडात घातला, सावकाश चावला आणि मग म्हणाली, "साहेब, त्या कागदावर सही तुमचीच हाय."

जेवणाची सुट्टी संपल्यावर साईनाथ स्टोरच्या दाराशी जाऊन बघून आला. सही त्याचीच होती. खाली तारीखसुद्धा घातली होती.

संध्याकाळी त्यानं तिला घरी येऊन बोर्ड बघायला विनवलं, आणि मंगळी यायला तयार झाली. अट एकच. "मी सांगंन तसं करायचं. मधी बोलायचं नाय." खोपोलीच्या दुकानातून वेगळं रेझिन आणायला सांगितलं, एपॉक्सी, ते थर्माकोल खात नाही. पूर्वी कारखान्यात मोठ्या पंख्यांच्या पात्यांचं एपॉक्सीचं काम चालायचं तेव्हा ती त्या कामावर होती. कापडासारखी विणलेली मॅट आणायची आणि मासळीबाजारातून थर्माकोलच्या जाड पेट्या. "धुऊन आणा," ती म्हणाली, "नायतर तळ्यातली मांजरं मागं लागतील." तळ्यात मांजरं नसतात, हे साईनाथनं तिला सांगितलं नाही. मधे बोलायचं नव्हतं.

पुढच्या रविवारी सकाळी ती आली. फडक्यात गुंडाळलेला स्वतःचा रोलर घेऊन आली होती. बोर्डाकडं बघून तिनं नुसतं "अगं बाय" म्हटलं आणि पदर खोचला. आधी तिनं ब्लेडनं सगळा सुटलेला पापुद्रा कापून काढला. भोक आणखी मोठं झालेलं बघून साईनाथनं तोंड उघडलं, आणि अट आठवून परत मिटलं. मग पेट्यांचा थर्माकोल तिनं त्या भोकाच्या मापानं कापला, पुन्हा पुन्हा लावून बघितला, घासला, बसवला. एपॉक्सी तिनं वाटीनं मोजून घेतलं. "हार्डनर जास्ती पडला तर डबा तापतो, हातात धरवत नाय." साईनाथला पॉलिश पेपर देऊन कडा घासायला बसवलं. तो दीड तास घासत होता. पांढऱ्या भुकटीनं त्याच्या भुवया आणि मिशा माखल्या. आई मधे चहा घेऊन आली आणि त्याच्याकडं बघून म्हणाली, "बाबा, तुझ्या बापासारखा दिसतोस रं. शेवटी शेवटी दिसायचा तसा."

दुपारी मॅटचा पहिला थर मंगळीनं दिला. दुसरा तिनं साईनाथला द्यायला लावला. बावीस वर्षं त्यानं दुसऱ्यांचे थर तपासले होते. आता रोलर हातात आला तेव्हा कळलं की एक बुडबुडा दाबला की तो शेजारी जातो, तिथं दाबला की परत येतो, आणि तोवर रेझिन घट्ट व्हायला लागतं. मान दुखली, गुडघे दुखले. शेवटी उठून तो म्हणाला, "झालं."

मंगळी वाकली. बोटांनी टकटक केलं. कान लावला. मग जमिनीवरचा विटेचा तुकडा उचलून तिनं त्यावर एक नाजूक फुली मारली. "हवा राहिलीय, साहेब. परत करा."

सुप्रिया दारात उभी होती. ती आत पळाली, आणि आतून तिच्या हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. साईनाथनं तेवढा भाग पुन्हा काढून पुन्हा केला. खाली बसल्यावर त्याच्या मनात आलं की आपण ज्या ज्या टाक्यांवर फुल्या मारल्या त्या परत करायला प्रत्येक वेळी कुणीतरी असंच खाली बसलं असणार. हा विचार त्याला आवडला नाही, पण आला.

वरून रंग द्यायला घरात टाकीचाच हिरवा रंग होता. पांढऱ्या बोर्डाच्या नाकाखाली परातीएवढा हिरवागार ठिपका झाला. पण मंगळी त्यावर पाय ठेवून उभी राहिली, एकदा उडी मारली, आणि काही झालं नाही. एपॉक्सी नीट वाळायला आठवडा जाऊ द्यायचा असं ठरलं.

त्यानंतरच्या रविवारी सगळी वरात तलावावर गेली. तलाव म्हणजे गावाच्या मागं, टेकडीच्या पायथ्याशी बांध घालून अडवलेलं पाणी. त्या वर्षी काठोकाठ होता. खालच्या खाचरांत भात पिवळं पडलं होतं आणि बांधावर गवत कमरेएवढं वाढलं होतं. पोपटनं टेंपो आणला. या वेळी बोर्ड आडवा होता आणि मागं लाल फडकं होतं. मंगळीही आली, तिला म्हणे आपलं काम पाण्यात कसं राहतं ते बघायचं होतं.

साईनाथनं शिट्टी आणली होती. जॅकेटं दोन होती. त्यातलं एक त्यानं काठावर उतरल्या उतरल्या स्वतःच्या अंगात चढवलं आणि जाहीर केलं की आपण सुरक्षा बघणार, आपला नंबर शेवटी.

पहिली ऋतिका गेली. गुडघ्यांवर बसली, मग उभी राहिली, पडली, परत चढली, आणि दहा मिनिटांत वल्हं मारत मधोमध पोचली. साईनाथनं तीनदा शिट्टी वाजवली. तिनं हात हलवला, परत आली नाही. मग सुप्रिया गेली. ती मुळातच सावध. बसूनच वल्हवत गेली आणि येताना कमळाची दोन फुलं घेऊन आली. ती उतरल्यावर आईनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला.

"आये, जॅकेट..."

"कशाला? पावसाळ्यात म्हशी कोन न्यायचं ह्यातून पलीकडं? तुझा बा?" आई बोर्डावर मांडी घालून बसली, ओट्यावर तांदूळ निवडायला बसावं तशी, आणि दोन्ही हातांनी पाणी मागं सारत निघाली. वल्हं तिनं मांडीवर आडवं ठेवलं होतं. मंगळीनं मात्र उभ्यानंच सफर केली. टाकीच्या साच्यावर उभं राहून तिचे पाय तयार झाले होते.

"पप्पा, आता तुम्ही," ऋतिका म्हणाली. "तुम्ही तर दोनदा पार केलाय ना हा तलाव."

आई पदर पिळत होती. ती थांबली. "कवा रं?"

 पोपट खोकला.

"कॉलेजात असताना," साईनाथ म्हणाला, पण आवाज खोल गेला होता.

"तुला येतंच कुठं पवायला?" आई म्हणाली. तिनं हे काही कुजबुजून सांगितलं नाही. पलीकडच्या काठावर धुणं धुणाऱ्या बाईनंही वर बघितलं.

ऋतिका त्याच्याकडं बघत राहिली. साईनाथला वाटलं आता ती चिडणार. ती म्हणाली, "मग तुम्ही एवढा खटाटोप कशाला केलात?"

"न भिजता पाण्यात जायला," तो म्हणाला. खरं बोलायची सवय नसल्यानं ते वाक्य त्याला स्वतःलाच विचित्र वाटलं. मग सगळेच हसायला लागले, आणि त्याचाही नाइलाज झाला.

आता न जाणं शक्यच नव्हतं. त्यानं जॅकेटचे सगळे पट्टे आवळले, श्वास घेता येईना इतके. बोर्डावर गुडघे टेकले. हिरवा ठिपका त्याच्या बरोबर पुढं होता आणि पाण्याचा एक थेंबही आत जात नव्हता. पोपटनं मागून ढकललं. चार हात आत गेल्यावर त्याला धीर आला. त्यानं एक पाय टेकवला, मग दुसरा, आणि तो उभा राहिला. मनातल्या चित्रात तो ताठ असायचा. इथं तो कमरेत वाकलेला, पाय फाकलेले, वल्हं काठीसारखं धरलेलं, असा चुलीवरचं मोठं पातेलं उतरवायला निघाल्यागत उभा होता. पण उभा होता.

"बघ ऋतिका!" तो ओरडला, आणि ती बघतेय का ते पाहायला त्यानं मान वळवली. तिथंच घोटाळा झाला.

पाण्यात पडल्यावर त्याला वाटलं की संपलं. नाकात पाणी गेलं. त्यानं हातपाय झाडले, "आये, आये" असं ओरडला, शिट्टी तोंडात धरायचा प्रयत्न केला. जॅकेटनं त्याला केव्हाच वर आणलं होतं, पण हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. आई काठावरून पाण्यात उतरली, चालत आली, आणि तिनं त्याची कॉलर धरली.

"उभा राहा."

"बुडतोय गं!"

"बाबा, पाय खाली टाक."

त्यानं पाय खाली टाकले. चिखल लागला. पाणी त्याच्या बरगड्यांपर्यंत होतं.

काठावर कुणी हसलं असेल तर ते त्याला ऐकू आलं नाही, कानात पाणी होतं. बाहेर यावं, टेंपोत जाऊन बसावं असं त्याला वाटलं. पण आईनं कॉलर सोडली नव्हती. "आता भिजलाच हाईस," ती म्हणाली. "कान काय फुटत नाय आता. झोप."

"कुठं?"

"पान्यावर. मी हात लावते."

अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस भर सकाळी, बायको, पोरगी, मित्र आणि हाताखालची कामगार बघत असताना आईच्या हातावर पाठ टेकून पाण्यावर आडवा झाला. मान त्यानं लाकडासारखी कडक धरली होती. "मान सोड रं. कुनी कापत नाय." त्यानं मान सोडली. कान पाण्यात गेले आणि सगळे आवाज लांब गेले. वर आईचा चेहरा होता. सत्तरीची म्हातारी, कपाळावरचं गोंदण पाण्यानं चमकत होतं, ओठ हलत होते, पण काय म्हणतेय ते ऐकू येत नव्हतं. बहुधा शिव्याच असाव्यात. पाठीखाली तिची हाडकुळी बोटं लागत होती.

थोड्या वेळानं आईनं सुप्रियाला डोकं हलवून खूण केली. तिचा हात भरून आला होता. मग सुप्रियानं साडी वर खोचली, पाण्यात उतरली आणि सासूच्या हाताच्या जागी आपला हात लावला. "सोडू नको हं," साईनाथ म्हणाला. "का?" ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच उत्तरासाठी त्याच्या मागं लागली नाही.

त्यानंतर दर रविवारी ते तलावावर गेले. ऋतिका आता बोर्डावर मागच्या मागं वळते. आईला वल्हं अजून पसंत नाही. साईनाथ मार्गशीर्षापर्यंत जॅकेटशिवाय तरंगायला लागला, आणि संक्रांतीच्या सुमारास काठालगत दहा हात मारू लागला. दहा म्हणजे खरे दहा. ऋतिका मोजते, त्यामुळं वाढवून सांगायची सोय राहिलेली नाही.